कवडूजीचे बत्तीस खिळे

आमच्या कवडूचा पहिला सौदा तो एका दिवसाचा असताना झाला. त्याच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. म्हणून सुईणीने त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर नेलं आणि मायने एक कवडी देऊन त्याला परत विकत घेतलं. नाव पडलं कवडू. मी त्याला नेहमी म्हणतो, "कवड्या, त्या सौद्यावर कर लागला असता ना, तर तुह्या मायनं तुले सुपातच ठेवलं असतं." पन्नास वर्षं हा एकच किस्सा ऐकून तो दरवेळी तितकाच भडकतो. आणि भडकलेला कवडू पाहण्यासारखा असतो बरं का. आधी कान लाल होतात, मग टोपी डोक्यावरून उतरून गल्ल्यावर आपटते, आणि मग जो आवाज निघतो तो स्टेशनापर्यंत जातो.

पण आज जो किस्सा सांगायला बसलोय तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो कवडूच्या रागाचा आहे, आणि खरं सांगतो, माझ्याही.

सिंदी रेल्वेच्या बाजारात, भाजीच्या ओळीच्या अगदी समोर, कवडू महादेव झाडे याचं किराणा दुकान आहे. आम्ही दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे त्याने बापाचं दुकान धरलं, मी शेत धरलं. आता शेत पोरगा पाहतो, त्यामुळे माझी जागा कवडूच्या दुकानातल्या चहाच्या रिकाम्या पेटीवर.

त्या दुकानाची एक रीत आहे, ती आधी समजून घ्या. बाजाराच्या दिवशी सकाळी सातला आसपासच्या खेड्यांतल्या भाजी पिकवणाऱ्या घरच्या बाया छोट्या हत्तीत टोपले घेऊन येतात. छोटा हत्ती म्हणजे ती चार चाकांची लहान मालगाडी. संध्याकाळी सहाला तीच गाडी त्यांना परत नेते, आणि गाडीवाला कोणासाठी थांबत नाही. साडेपाचपर्यंत वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक विकायचं, मग टोपले आवरायचे. किराणा घ्यायचा कधी? म्हणून कवडूच्या बापाने दुकानाच्या भिंतीत खिळे ठोकले. बत्तीस. एकेका बाईचा एकेक खिळा. सकाळी आपली कापडी थैली आपल्या खिळ्याला अडकवायची, काय पाहिजे ते तोंडी सांगायचं आणि टोपल्याकडे जायचं. कवडू दिवसभरात सवडीने तोलतो, पुड्या बांधतो, थैलीत टाकतो. पावणेसहाला बाया येतात, थैली काढतात आणि गाडीत चढतात. हे खिळे सासूकडून सुनेकडे जातात. डावीकडून तिसरा मनकर्णाबाईचा. तिच्या सासूचाही तोच होता.

आणि तोलायची पद्धतही ऐका. तराजू दाराच्या तोंडाशी टांगलेला, पितळी पारड्यांचा, दरवर्षी वजनमापवाल्यांकडून तपासून शिक्का मारून आणलेला. कवडू डाळ पारड्यात टाकतो आणि ओरडतो, "मनकर्णाबाई, तूरडाळ एक किलो!" समोरच्या ओळीतून वांग्यांच्या ढिगामागून आवाज येतो, "पाह्यली!" मगच पारडं रिकामं होतं. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, इथं दिवसभर भांडण चाललंय.

आता राग.

कवडू कायदा मोडणारा माणूस नाही. तेच तर दुखणं आहे. मोडणाऱ्याला राग कशाचा येईल? नियम बदलला काय, न बदलला काय, त्याचं काम तसंच चालतं. राग येतो पाळणाऱ्याला. कवडू विक्रीकर शिकला, तर व्हॅट आला. व्हॅटचे कागद पाठ झाले, तर जीएसटी आला. तेलाचा पिंप होता, पितळी मापाने तेल द्यायचा. खुलं तेल विकू नका म्हणाले, पिंप गेला. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, तर दुसऱ्याच दिवशी जुन्या पेपरच्या पुड्या सुरू केल्या. मग अन्नपरवानावाले म्हणाले, छापील कागदाची शाई पोटात जाते. कोरा खाकी कागद आणला. त्या दिवशी टोपी दोनदा आपटली आणि तो माझ्यावर ओरडला,

"ज्ञान्या, आता डाळ ओंजळीत देऊ काय लोकाईले? थे बी म्हणतीन, हात धुतल्याचा दाखला आण!"

परवा-परवा साबणावरचा कर खाली आला, चांगली गोष्ट. पण जुन्या किमतीच्या वड्या मांडणीवर आणि नवी किंमत गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर! आठ दिवस कवडूला लोकांनी चोर ठरवलं. कर वाढला तरी शिव्या त्याला, उतरला तरी शिव्या त्यालाच. मला सांगा, वर बसून हे सगळं लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी पावशेर जिरं न सांडता पुडीत बांधलं असेल काय?

असो. दोन हजार बावीसच्या जुलैत डाळ, तांदूळ, पीठ यांच्यावर नवा नियम आला. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरला. कवडूने चष्मा लावून तो तीनदा वाचला. त्याला एवढंच कळलं, की बांधून ठेवलेल्या मालावर नाव, वजन, तारीख, किंमत, बांधणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा फोन लिहिलेला पाहिजे. झालं! शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालेला माणूस तो. बाजाराच्या आदल्या दुपारी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून बसला. "तूरडाळ. एक किलो. बांधणार कवडू महादेव झाडे, बाजार ओळ, सिंदी (रेल्वे)." खाली स्वतःचा मोबाइल नंबर. रुख्मिणीवहिनीने कणकेची खळ शिजवली आणि बाजाराच्या दिवशी एकेक पुडीवर चिठ्ठी डकवली.

"अवं, आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर बी एवढं लिवलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

"पत्रिकेले तपासणी नसते," कवडू म्हणाला.

तीन बाजार असे गेले. तक्रारीचा फोनही वाजला. पहिल्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाईचा.

"कवडूभाऊ, तक्रार लिवून घ्या. आमच्या गाडीवाल्यानं काल गाणे लय जोरात लावले."

"अवं, थो नंबर डाळीच्या तक्रारीसाठी हाये!"

"डाळ चांगली हाये. तिची काऊन तक्रार करू?"

मी पेटीवरून पडायचा बाकी होतो. कवडूचे कान लाल झाले, पण आतून खूश होता गडी. आयुष्यात पहिल्यांदा तो नियमाच्या पुढे धावत होता.

चौथ्या बाजाराच्या आधी निकेश आला. निकेश म्हणजे दुकानदारांचे कराचे कागद भरून देणारा, तिशीतला, सालस पोरगा. त्याने उरलेली एक पुडी उचलली, चिठ्ठी वाचली आणि डोक्याला हात लावला.

"काकाजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"नियम पाळून राह्यलो."

"अहो, सुटी डाळ तोलून दिली तर तिच्यावर कर नाई. बांधून लेबल लावलं, की पाच टक्के. तुमी सवताच्या हातानं लेबल लावून सवतावरच कर बसवला!"

मग टोपी आपटली.

"म्हणजे मी माह्या बापाचं नाव लिवलं म्हणून दंड?"

"दंड नाई काकाजी, कर."

"थे काय वेगळं असते बे?"

कवडू पुडी घेऊन ती चिठ्ठी नखाने खरवडायला लागला. खळ पक्की होती, कागद फाटला, डाळ सांडली. निकेश म्हणाला, "लेबल काढा, पण मग आधीपासून बांधून ठेवू नका. गिऱ्हाईक समोर असतानाच तोला." हे दुसरं वाक्य कवडूने ऐकलंच नाही, तो स्वतःच्याच आवाजात होता. मी ऐकलं होतं. पण त्या वेळी मला हसू येत होतं, म्हणून पुन्हा सांगितलं नाही. ते मला आजही टोचतं.

पुढच्या बाजारी वजनमापवाले साहेब तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता. चहा नको म्हणाला, पाणी प्यायला. तराजूचा शिक्का पाहिला, वजनं पाहिली, सगळं ठीक. निघता निघता नजर भिंतीवर गेली. बत्तीस थैल्या, आणि सगळ्यांत दोरा बांधलेल्या बंद पुड्या. चिठ्ठी एकीवरही नाही.

"आजोबा, हा माल कोणाचा?"

"गिऱ्हाइकाईचा."

"गिऱ्हाईक कुठे आहे?"

"बाजारात."

"म्हणजे गिऱ्हाइकाच्या गैरहजेरीत माल बांधून ठेवलाय. मग त्यावर नाव, वजन, तारीख काहीच नाही. असं चालत नाही."

कवडूचे कान कसे झाले असतील ते सांगत नाही. "साहेब, लिवलं तं कर, नाई लिवलं तं दंड! मंग माणसानं करावं तरी काय? डाळ पिकवणंच बंद करा ना!"

साहेब शांतपणे म्हणाले, "पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या." कागद दिला आणि गेले.

त्या संध्याकाळी बाया थैल्या घेऊन गेल्यावर कवडूने पकड काढली. मी म्हटलं, "काय करतो?" त्याने पहिला खिळा उपटला. बापाने ठोकलेले खिळे, चुन्यासकट बाहेर येत होते. वहिनी आतून आली, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून परत आत गेली. बत्तीसही खिळे त्याने खोबऱ्याच्या रिकाम्या डब्यात टाकले. म्हणाला, "आता ज्याले डाळ पायजे थ्यानं समोर उभं राहावं. दिवाळीपर्यंत असं चाललं तं चाललं, नाई तं कुलूप."

कुलूप हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. शिव्या पुष्कळ ऐकल्या होत्या.

पुढचा बाजार पोळ्याचा. आमच्या सिंदीत तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा, केवढा मोठा, ते इकडच्यांना सांगायला नको. घरोघर पुरण शिजणार, म्हणून चणाडाळ आणि गूळ प्रत्येकीला पाहिजे. सकाळी बाया थैल्या घेऊन आल्या आणि भिंत पाहून थबकल्या. बत्तीस भोकं.

"कवडूभाऊ, खिळे कुठं गेले?"

"सरकारले इचारा. संध्याकाळी या, समोर उभ्या राहा, तोलून देतो."

साडेपाचला बत्तीस बाया एका दारात. एकच तराजू, एकच कवडू. ढकलाढकली, कोणाचं टोपलं कोणाच्या पायावर. गोपिका म्हणून एक नवी सून होती, तिचा नंबर येईना, ती रडायला लागली. बरोबर सहाला गाडीचा भोंगा वाजला. अकरा जणींना माल मिळाला. एकवीस जणी रिकाम्या थैल्या घेऊन गाडीकडे धावल्या.

मनकर्णाबाई धावली नाही. ती दारात उभी राहिली.

"काऊन जी भाऊ, माह्या सासूचा खिळा होता थो. इचारलं का मले उपटताना?"

"मले कोणी इचारून नियम केला काय?"

"नियमाचा राग आमच्यावर काऊन काढता? उद्या नातू म्हणन, आजी पुरणपोळी कुठं हाये, तं काय सांगू, कवडूभाऊची टोपी आपटली?"

गाडी हलली. ती पळत सुटली, मागच्या फळीला धरून चढली. कवडू तराजूजवळ तसाच उभा. पारड्यात कोणाची तरी अर्धी तोललेली चणाडाळ होती. इतका राग पोटात असून टोपी डोक्यावरच राहिली, की भीती वाटते हो.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईचा फोन आला, पण कवडूला नाही, मला.

"ज्ञानाभाऊ, थे खुलासा का काय म्हणतात, थे दिला का?"

"तो देत नाही. म्हणतो, मी गुन्हा केला नाई तं खुलासा कशाचा."

"मंग तुमी लिवा. आमी सांगतो."

लिहिताना माझा सगळा राग वर आला, आणि निकेशचं ते मी पुन्हा न सांगितलेलं वाक्यही आठवलं. पण ती म्हणाली, "शिव्या नका लिवू, जे हाये थे लिवा." म्हणून लिहिलं: आम्ही भाजी विकणाऱ्या बाया. आम्ही दुकानाच्या समोरच बसतो. डाळ किती पाहिजे ते आम्ही सकाळी सांगतो. दुकानदार तोलताना आमचं नाव घेऊन ओरडतो. आम्ही तराजू पाहतो आणि 'पाह्यली' म्हणतो. मग तो पुडीत टाकतो. म्हणून आम्ही हजर असतो. खाली बत्तीस सह्या-अंगठे. निकेशने तो कागद नेऊन दिला. कवडूला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सप्टेंबरात, बाजाराच्याच दिवशी, साहेब परत आले. हातात आमचा कागद. कवडूने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि कान लाल केले. मी पेटीवरून उठून वहिनीच्या जवळ जाऊन बसलो.

साहेब म्हणाले, "आजोबा, ह्या म्हणतात, त्यांना तिथून तराजू दिसतो. मी जरा पाहतो." आणि ते रस्ता ओलांडून मनकर्णाबाईच्या टोपल्याशेजारी जाऊन उभे राहिले. तिथून हात वर केला. तोला.

कवडूने रागात काट्याकडे पाहिलंच नाही. त्याने तूरडाळ पारड्यात टाकली आणि सगळी भडास काढून ओरडला, "मनकर्णाबाई! तूरडाळ! एक किलो!"

ती एका गिऱ्हाइकाला सांभार देत होती. मान जेमतेम वळवली.

"नाई पाह्यली! काटा मधात आला नाई अजून. चिमूटभर घाला, भाऊ!"

अख्खी भाजीची ओळ हसली. साहेबांनी डोळे बारीक केले, चष्मा पुसला, मग तडक दुकानात आले आणि वाकून काट्याकडे पाहिलं. खरंच चिमूटभर कमी होती. उभ्या जन्मात कवडूचं माप पहिल्यांदा कमी भरलं, तेही वजनमापवाल्या साहेबांसमोर. आणि त्या चिमूटभर डाळीनेच तो सुटला.

"गिऱ्हाईक हजर आहे," साहेब म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त हजर आहे. फक्त एक करा, तोलून पुडीत टाका, पण बांधू नका. दोरा गिऱ्हाइकाने येऊन बांधायचा."

आता माणसाने हात जोडावे की नाही? कवडू म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदावर 'कमी भरलं' असं लिवू नका. मी चिमूट घातली. पाहा, घातली. आता पाहा काटा."

साहेबांना काटा परत पाहावा लागला. मग ते गेले.

पुढच्या बाजारी सकाळी बाया आल्या तेव्हा कवडू खोबऱ्याचा डबा घेऊन भिंतीसमोर उभा होता आणि मला, वहिनीला, सरकारला, सगळ्यांना शिव्या देत होता. जुने खिळे त्या भोकांत पक्के बसत नव्हते. उपटताना चुना पडला होता, भोकं मोठी झाली होती. तेव्हा मनकर्णाबाईने कमरेच्या चंचीतून एक खिळा काढला. नवा, चार इंची. मग दुसरीने काढला. गोपिकेजवळ खिळा नव्हता, तिने बाभळीची खुंटी तासून आणली होती. हे त्यांनी गाडीत बसल्या बसल्या ठरवलं होतं म्हणे.

मनकर्णाबाईने हातोडी मागितली नाही, उचलली. जुन्या भोकाच्या बोटभर बाजूला, डावीकडून तिसऱ्या जागी, तीन घाव घातले.

कवडू मागून ओरडला, "वाकडा जाऊन राह्यला थो! मी ठोकतो, सर बाजूले!"

"राहू द्या," ती म्हणाली आणि थैली अडकवून हात झटकले. "पाह्यला मी."